डोळ्यांच्या स्कॅनमधून स्मृतिभ्रंश कळतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. चष्म्याचा नंबर काढणं, डोळ्याच्या पडद्याचे फोटो घेणं, ओसीटी म्हणजे पडद्याचे थर मोजणारा स्कॅन करणं हे माझं रोजचं काम. यंत्राला हनुवटी टेकवून आजी किंवा आजोबा बसलेले असतात आणि खुर्चीमागे उभी असलेली मुलगी, सून नाहीतर मुलगा आवाज खाली करून विचारतो, "मॅडम, विसरण्याचं काही दिसतं का हो यात? मोबाईलवर वाचलं होतं." हा प्रश्न आता इतक्या वेळा येतो की घाईघाईत दोन वाक्यांत उत्तर देऊन पुढच्या पेशंटला हाक मारणं मला बरं वाटत नाही. माझ्या आईची शेवटची सहा वर्षं स्मृतिभ्रंशात गेली. विचारणाऱ्याच्या पोटात काय कालवत असतं, ते मला ठाऊक आहे. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी थोडक्यात सांगा. डोळ्याच्या स्कॅनवरून स्मृतिभ्रंशाचं निदान होतं का?

आज होत नाही. संशोधनात आशा वाटावी असं बरंच हाती लागलं आहे. पण "तुमच्या आईला अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) आहे" किंवा "नाही" असं एका माणसाबद्दल ठामपणे सांगणारी डोळ्याची तपासणी अजून रोजच्या दवाखान्यात आलेली नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका.

डोळ्याचा आणि विसरण्याचा संबंध तरी काय?

डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, हा शब्दशः मेंदूचा भाग आहे. गर्भ चौथ्या आठवड्याच्या आसपास असताना पुढच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंना फुगवटे येतात, ते पुढे सरकतात, वाटीसारखे खोलगट होतात आणि त्यांतूनच रेटिना आणि डोळ्याची नस तयार होते. या नसेत दहा लाखांच्या आसपास तंतू असतात. मेंदूवर जी आवरणं असतात तीच या नसेवरही असतात. रेटिनातल्या बारीक रक्तवाहिन्यांची ठेवणही मेंदूतल्या बारीक वाहिन्यांसारखीच आहे.

मेंदू कवटीत बंद आहे. डोळ्याला मात्र बाहुली आहे. शरीराला सुरीही न लावता जिवंत चेतापेशी आणि रक्तवाहिन्या सरळ बघता येतात अशी दुसरी जागा नाही. अल्झायमरमध्ये मेंदूतल्या पेशी झिजतात, तर त्याच कुळातल्या डोळ्यातल्या पेशींवरही त्याची खूण उमटत असेल, हा या सगळ्या संशोधनामागचा विचार. तो मला पटतो.

स्कॅन म्हणजे नेमकं काय करतात?

तीन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे. पहिला पडद्याचा साधा रंगीत फोटो, त्याला फंडस फोटो म्हणतात. त्यात नसेचं टोक आणि रक्तवाहिन्या दिसतात.

दुसरा ओसीटी. हे तंत्र १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगासमोर मांडलं. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी आत जाऊन परत येतात, तसा यात प्रकाश परत येतो आणि पडद्याचे थर एकावर एक मोजता येतात. मोज मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. चिरोट्याचे पदर कापून बघावेत तसं ते चित्र दिसतं.

तिसरा ओसीटी अँजिओग्राफी. हातात सुई न टोचता, कुठलाही रंग न सोडता पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं यात उमटतं.

दुखतं का? किरणोत्सर्ग असतो का?

दुखत नाही आणि एक्स-रे किंवा सीटी स्कॅनसारखे किरण यात नसतात. बाहुली मोठी करण्यासाठी थेंब घातले तर चार-सहा तास जवळचं अंधुक दिसतं आणि उन्हात डोळे दिपतात. त्या दिवशी पेशंटला एकट्याने घरी पाठवू नका.

संशोधकांना त्यात काय सापडलं आहे?

मुख्यतः दोन गोष्टी. एक, पडद्याचे आतले थर पातळ होणं: चेतातंतूंचा थर आणि त्याच्या खालचा गँगलियन पेशींचा थर. दुसरी, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं विरळ होणं.

२०१८ साली दोन मोठे अभ्यास पाठोपाठ आले. ब्रिटनच्या यूके बायोबँक या आरोग्य-नोंदींच्या मोठ्या संग्रहातल्या ३२ हजारांहून अधिक लोकांच्या ओसीटीत असं दिसलं की ज्यांचा चेतातंतूंचा थर पातळ, त्यांची स्मरण आणि विचारशक्तीच्या चाचण्यांतली कामगिरी सरासरीने कमी होती. त्यातल्या काहींची तीन वर्षांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा ज्यांचे थर सर्वांत पातळ होते त्यांच्यात घसरणीची शक्यता जवळपास दुप्पट निघाली. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासात तोच थर पातळ असलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण जास्त आढळलं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटाने दोनशेहून थोड्या अधिक लोकांची ओसीटी अँजिओग्राफी केली आणि अल्झायमरच्या रुग्णांत वाहिन्यांचं जाळं विरळ असल्याचं दाखवलं.

लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयाने तर २००८ ते २०१८ या काळातल्या साडेतीन लाखांहून अधिक नेत्ररुग्णांच्या नोंदी त्यांच्या पुढच्या आजारपणाच्या नोंदींशी जोडल्या. या प्रकल्पाचं नाव अल्झआय. नाव अल्झायमरवरून असलं, तरी त्यातून आलेला एक महत्त्वाचा निष्कर्ष पार्किन्सन म्हणजे कंपवाताबद्दलचा आहे. २०२३ साली या गटाने अल्झआय आणि यूके बायोबँक अशा दोन्हीकडच्या नोंदी तपासून दाखवलं, की पार्किन्सनचं निदान होण्याच्या सरासरी सात वर्षं आधीच रेटिनात फरक दिसू शकतो.

स्कॉटलंडचा प्रयत्न मला सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण तो माझ्यासारख्यांच्या रोजच्या कामावर उभा आहे. तिथे २००६ पासून सरकारी आरोग्यसेवेत सगळ्यांची डोळ्यांची तपासणी मोफत होते, त्यामुळे गावागावातल्या ऑप्टोमेट्रिस्टकडे वर्षानुवर्षांचे पडद्याचे फोटो साठले आहेत. एडिनबरा आणि ग्लासगो कॅलेडोनियन या विद्यापीठांनी २०२४ मध्ये सुरू केलेल्या न्यूरआय प्रकल्पात असे सुमारे दहा लाख फोटो गोळा करून स्मृतिभ्रंशाच्या खुणा शोधायचं काम चाललं आहे. आपल्याकडे नंबर काढला जातो, कागदाच्या चिठ्ठीवर लिहिला जातो आणि ती चिठ्ठी चष्म्याच्या डबीत राहते. फोटो निघतच नाही. निघाला तरी पाच वर्षांनी सापडत नाही. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

थर पातळ झाला की अल्झायमर, इतकं सोपं का नाही?

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळी गोम इथेच आहे.

हा थर पातळ होण्याची कारणं पुष्कळ आहेत. काचबिंदूत तो पातळ होतो, म्हणून तर काचबिंदूसाठी आम्ही रोज ओसीटी करतो. मायनसचा मोठा नंबर असेल तर पातळ दिसतो. मधुमेहात होतो. आणि वय वाढतं तसा निरोगी माणसाचाही दर दहा वर्षांत साधारण दोन मायक्रॉनने झिजतो. अल्झायमरचे रुग्ण आणि त्यांच्या वयाचे निरोगी लोक यांच्यातला सरासरी फरक काही मायक्रॉनचाच असतो. एकाच डोळ्याचं माप आज आणि पुढच्या आठवड्यात घेतलं तरी दोन-चार मायक्रॉन इकडेतिकडे होतात. हजार माणसांच्या सरासरीत तो फरक स्पष्ट उठून दिसतो, पण समोर बसलेल्या एका आजींच्या कागदावर तो ओळखता येत नाही.

आमच्याकडे आलेल्या एका आजींचं उदाहरण देते. वय ऐंशीच्या घरात, विसर सुरू झालेला. मी म्हणत होते, "आजी, आत हिरवी फुली दिसतेय ना, तिच्याकडेच बघा हं." आजी फुलीकडे बघायच्या आणि मी बोलले की माझ्या आवाजाच्या दिशेने डोळे वळवायच्या. मी गप्प बसले तर "झालं का गं?" म्हणून मान वर. डोळे कोरडे, वर मोतीबिंदू. यंत्र प्रत्येक स्कॅनला दहापैकी गुण देतं, सहाच्या खाली आला तर त्यावर विसंबू नये. त्यांचा चार आला. थराची सरासरी जाडी ७४ मायक्रॉन आणि कागद लालेलाल. मुलाने तो कागद बघितला आणि त्याचा चेहराच उतरला. तीन महिन्यांनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर पुन्हा स्कॅन केला, आधी डोळ्यांत ओलावा देणारे थेंब घातले, सूनबाईंना यंत्राच्या बाजूला उभं राहून त्यांचा हात धरायला सांगितलं. गुण आठ आणि जाडी ८३. थर होता तेवढाच होता. मधल्या मोतीबिंदूमुळे यंत्राला तो नीट दिसत नव्हता.

रिपोर्टवर लाल रंग आला आहे. घाबरायचं का?

लाल याचा अर्थ एवढाच की यंत्राच्या आठवणीत जे निरोगी लोक भरून ठेवले आहेत, त्यांच्यात शंभरात एखाद्याचाच थर इतका पातळ असतो. हे "निरोगी लोक" काहीशेच असतात आणि काही यंत्रांत त्यांत भारतीय फारच थोडे आहेत. मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यांत असा खोटा लाल रंग नेहमी येतो. कागद नेत्रतज्ज्ञांना दाखवा. ते आधी काचबिंदू आहे का ते बघतील आणि तेच बरोबर आहे, कारण काचबिंदूवर आज उपचार आहेत आणि उशीर झाला तर गेलेली नजर परत येत नाही.

काचबिंदू आहे म्हणजे पुढे स्मृतिभ्रंश होणारच का?

नाही. दोन्ही आजार उतारवयात वाढतात, म्हणून एका घरात, एका माणसात दोन्ही दिसतात.

एआय म्हणे नुसत्या फोटोवरून अल्झायमर ओळखतो. ते खोटं का?

खोटं नाही. २०२२ साली हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीच्या नेतृत्वाखाली निरनिराळ्या देशांतल्या गटांनी जवळपास १३ हजार पडद्याच्या फोटोंवर संगणकाला शिकवलं. त्यात ६४८ अल्झायमरचे रुग्ण होते आणि ३,२४० तो आजार नसलेले लोक. न पाहिलेल्या फोटोंवर या प्रणालीची अचूकता सुमारे ८० ते ९२ टक्के निघाली. २०२३ मध्ये मूरफील्ड्स आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी १६ लाख चित्रांवर तयार केलेली रेटफाऊंड ही प्रणाली इतरांना वापरण्यासाठी खुली केली. चांगलं काम आहे हे.

पण ऐंशी टक्के अचूक म्हणजे ऐंशी टक्के खात्री असं आपण घरात बसून समजतो, तिथे चूक होते. हिशेब करून बघू. भारतात साठीच्या पुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख. आता एखाद्या तालुक्यात साठीपुढच्या हजार जणांचे फोटो काढले असं धरा. त्यांत आजार असलेले ७४. समजा तपासणी दोन्ही बाजूंनी ८० टक्के बरोबर आहे. तर ती ७४ पैकी ५९ जणांना पकडेल, १५ जणांना "काही नाही" म्हणून घरी पाठवेल. उरलेल्या ९२६ निरोगी माणसांपैकी १८५ जणांना मात्र उगाच "आजार दिसतो" म्हणून सांगेल. म्हणजे २४४ घरांत रडारड आणि त्यांतल्या ५९ घरांतच खरा आजार. चारातल्या तिघांना विनाकारण धास्ती.

शिवाय अशा अभ्यासांत आजार नक्की असलेले आणि नक्की नसलेले असे दोन गट निवडलेले असतात. दवाखान्यात येणारा माणूस मधल्या अवस्थेतला असतो: थोडा विसर, थोडा मधुमेह, थोडा मोतीबिंदू, वर्षापूर्वी जोडीदार गेलेला.

मधुमेहासाठी तर एआय डोळे तपासतो. मग इथे काय अडलं?

मधुमेहात डोळ्यातच आजार होतो. रक्ताचे ठिपके, सूज, पिवळे साके फोटोत समोर दिसतात आणि तज्ज्ञालाही तेच दिसतात, त्यामुळे संगणक बरोबर की चूक हे ताडून बघता येतं. अमेरिकेत २०१८ सालीच अशा प्रणालीला मान्यता मिळाली. आपल्या देशातल्या मोठ्या नेत्ररुग्णालयांतल्या फोटोंचाही अशा प्रणाली घडवण्यात वाटा आहे. स्मृतिभ्रंशाचा आजार मेंदूत असतो, डोळ्यात त्याची पुसट सावली पडते. त्या सावलीवरून आजार ओळखायचा तर ती दुसऱ्या कशाची नाही हे आधी सिद्ध करावं लागतं. ते काम अजून चालू आहे.

हळद खाल्ली की डोळ्यातला अल्झायमर दिसतो असं वाचलं. खरं आहे?

सांगलीकडून आलेल्या एका गृहस्थांनी मला हे विचारलं होतं. हळदीची पेवं लहानपणापासून बघितलेला माणूस, साहजिकच त्यांना अभिमान वाटला होता. यात तथ्य आहे, पण अर्धवट पसरलं आहे.

अल्झायमरमध्ये अमायलॉइड नावाचं प्रथिन मेंदूत साचतं. हळदीतलं कर्क्युमिन त्याला चिकटतं आणि विशिष्ट प्रकाशात चमकतं. लॉस एंजेलिसच्या सिडर्स-सायनाय संस्थेतल्या माया कोरोन्यो-हामावी आणि सहकाऱ्यांनी २०११ साली उंदरांच्या आणि मृत रुग्णांच्या रेटिनात असे साठे दाखवले. २०१७ मध्ये मोजक्या जिवंत माणसांना खास तयार केलेलं कर्क्युमिन पोटातून देऊन विशेष कॅमेऱ्याने फोटो काढले. दुसऱ्या काही प्रयोगशाळांना मात्र रेटिनात तसे साठे सापडले नाहीत, त्यामुळे वाद मिटलेला नाही. रंगांच्या अनेक छटा वेगवेगळ्या टिपणारे कॅमेरे वापरून अमायलॉइडचा माग काढायचा प्रयत्न कॅनडातही चालू आहे, त्याला कर्क्युमिन लागत नाही.

स्वयंपाकातल्या हळदीत कर्क्युमिन सुमारे तीन टक्के, आणि तेही रक्तात फारसं उतरत नाही. आमटीतली हळद आमटीसाठी आहे. कर्क्युमिनच्या गोळ्या आपल्या मनाने आईवडिलांना सुरू करू नका. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर मुळीच नको.

बाबांचा चष्मा वर्षात तीनदा बदलला, तरी "दिसत नाही" म्हणतात. डोळे ठीक आहेत म्हणे. मग हट्ट करतात का?

हट्ट नसेल. हा प्रश्न मी सगळ्यांनी वाचावा असं वाटतं.

अल्झायमरचा एक प्रकार मेंदूच्या मागच्या भागातून सुरू होतो. तो भाग दिसलेल्याचा अर्थ लावतो. पहिली काही वर्षं स्मरणशक्ती चांगली असू शकते, नावं-तारखा बिनचूक आठवतात, पण ओळ वाचताना पुढची ओळ सापडत नाही. ताटात चमचा समोर असून हात चाचपडतो. जिना उतरताना पायरीचा अंदाज येत नाही. गाडी फाटकातून काढताना घासते. घड्याळातले काटे दिसतात, वाजले किती ते कळत नाही. बहुतेकदा पन्नाशी-साठीतच सुरू होतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. अशी माणसं मेंदूच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी आमच्याकडे येतात. नंबर काढतो, चष्मा देतो, पुन्हा येतात, पुन्हा देतो.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. तक्त्यावरची एकएकटी अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. हातात वर्तमानपत्र दिलं, तर एका शब्दावरून थेट दोन ओळी खाली उतरल्या आणि अडकल्या. पडदा चांगला, नस चांगली, ओसीटी हिरवं. नजरेच्या क्षेत्राची तपासणी केली, तर दोन्ही डोळ्यांत डावी बाजूच गायब. दोन्ही डोळ्यांची एकच बाजू जाते तेव्हा बिघाड डोळ्यांच्या मागे, मेंदूत असतो. त्यांना त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे मी आळशी झाले नव्हते तर." घरी दोन वर्षं त्यांना तेच ऐकावं लागलं होतं.

आजींना घरात माणसं दिसतात, मुलं खेळताना दिसतात. हा स्मृतिभ्रंशच ना?

असेलच असं नाही. नजर फार कमी झाली की मेंदू रिकाम्या जागी स्वतःची चित्रं भरतो. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. यात माणसाला बहुधा कळत असतं की हे खरं नाही, आणि ती माणसं बोलत नाहीत. दुसऱ्या बाजूला, लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात असे भास सुरुवातीलाच येतात, जोडीला चालण्यात ताठरपणा, झोपेत हातपाय मारणं, दिवसागणिक कमीजास्त होणारी शुद्ध. म्हणून डोळे आणि मेंदू, दोन्ही तपासा. वेड लागलं म्हणून घरात लपवू नका.

निदान होत नसेल तर डोळे तपासायचे कशाला?

दिसावं म्हणून. मला या पानावर एकच गोष्ट सांगायला दिली असती तर ही सांगितली असती.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत उपचार न केलेल्या दृष्टिदोषाचा पहिल्यांदा समावेश केला. ही सगळी कारणं दूर झाली तर जगातला जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा पुढे ढकलला जाईल असा त्यांचा अंदाज आहे. अमेरिकेतल्या तीन हजारांवर ज्येष्ठांच्या अभ्यासात, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांत पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसलं. शस्त्रक्रियेमुळेच कमी झालं असं यावरून शपथेवर सांगता येत नाही, पण ज्याला दिसतं तो पेपर वाचतो, भाजी निवडतो, देवळात जातो, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून बोलतो. आणि मेंदूला चालतं ठेवायला हेच लागतं.

आणखी एक. स्मरणशक्तीच्या चाचणीत आकृती काढायची असते, घड्याळ काढायचं असतं, वाक्य वाचायचं असतं. ज्याला मोतीबिंदू आहे किंवा जो चष्मा घरी विसरला आहे, त्याचे गुण आपोआप कमी येतात.

आजार आधीच असेल तरीही नजर सांभाळावी. माझी आई न्हाणीघराच्या दारात येऊन थबकायची, आत पाऊलच टाकायची नाही. आम्ही हात धरून ओढायचो, ती ओरडायची. दारात काळं पायपुसणं होतं. तिला तिथे खड्डा दिसत होता. मी रोज लोकांची नजर तपासते आणि मला हे कळायला चार महिने लागले. ते उचलून पिवळं पायपुसणं टाकलं, त्या दिवसापासून ती न अडता आत जाऊ लागली. पांढऱ्या ताटात पांढरा भात तिला दिसायचा नाही, स्टीलच्या ताटात वरण-भात कालवून दिला की जेवायची.

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करावी का?

आजार सुरुवातीचा असेल आणि मोतीबिंदू खरोखर आड येत असेल तर लवकर करणं सोपं जातं, कारण डोळा बधिर करून केलेल्या शस्त्रक्रियेत पंधरा-वीस मिनिटं शांत पडून राहावं लागतं. डॉक्टरांना विसरण्याचा त्रास आधी सांगा. नंतर थेंब कोण घालणार, रात्री डोळा चोळू नये म्हणून कोण लक्ष ठेवणार, हे ठरवूनच तारीख घ्या. अनोळखी जागी मुक्काम झाला तर गोंधळ वाढतो, त्याच दिवशी घरी आणता आलं तर उत्तम.

मग निदान होतं तरी कसं?

घरच्यांशी बोलून, स्मरण आणि विचारशक्तीच्या चाचण्या घेऊन, रक्त तपासून आणि मेंदूचा एमआरआय करून. रक्तात बी-१२ आणि थायरॉइड नक्की बघतात, कारण त्यांच्या कमतरतेने आलेला विसर औषधाने कमी होऊ शकतो. नैराश्य, पडल्यावर मेंदूभोवती साचलेलं रक्त, झोपेच्या गोळ्यांचा परिणाम, यांचाही शोध घेतात. गरज पडली तर पेट स्कॅन किंवा पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासतात. मे २०२५ मध्ये अमेरिकेत अल्झायमरसाठी पहिल्या रक्तचाचणीला मान्यता मिळाली, तीही पंचावन्न वर्षांपुढच्या, लक्षणं असलेल्या लोकांसाठी आणि इतर तपासण्यांच्या जोडीनेच. माझ्या मते डोळ्याच्या स्कॅनची जागा पुढे अशीच कुठेतरी असेल: गावपातळीवर आधी चाळणी, मग रक्त, मग तज्ज्ञ.

"वय झालं, विसरायचंच" म्हणून वर्ष घालवू नका. कुणाकडे जायचं कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही एल्डरलाईन आहे. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून या कुटुंबांसोबत काम करते.

आईला होता. मी पंचेचाळीस वर्षांची आहे. मी ओसीटी करून घेऊ का?

त्यासाठी नको. मीही केलेलं नाही, यंत्र हाताशी असून. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि कान तपासून घ्या, चालायला जा. चाळिशीनंतर डोळ्यांची पूर्ण तपासणी करायचीच आहे, ती काचबिंदूसाठी करा. त्या वेळी काढलेला फोटो आणि ओसीटी मात्र मागून घ्या आणि जपून ठेवा. उद्या या शास्त्राला काही सांगता येऊ लागलं, तर तुमचाच दहा वर्षांपूर्वीचा डोळा तुलनेला लागेल.

आमचे फोटो एआय शिकवायला वापरले तर?

विचारा. २०१८ साली गुगलच्या संशोधकांनी दाखवलं की पडद्याच्या फोटोवरून संगणक माणसाचं वय साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या फरकाने आणि स्त्री की पुरुष हेही ओळखतो. म्हणजे नाव पुसलं तरी फोटो मुका होत नाही. संशोधनाला फोटो द्यायला माझा विरोध नाही. उलट आपल्या लोकांचे फोटो त्यात हवेतच, नाहीतर परदेशी डोळ्यांवर शिकलेलं यंत्र आपल्याला उद्या चुकीचं मापेल. पण संमतीच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचून मगच सही करा, आणि पेशंटला समजत असेल तर आधी त्याला विचारा.

विसर असलेल्या पेशंटला डोळे तपासायला आणताना काय करावं?

सकाळची वेळ घ्या, जेवणाच्या आणि दुपारच्या झोपेच्या वेळा टाळा. घरातले सगळे चष्मे आणा, वडिलांच्या डबीत आईचा चष्मा निघतो असं कितीदा तरी झालं आहे. औषधांची यादी, जुने नंबर, जुने स्कॅन बरोबर ठेवा. वाट बघायला लागणार असेल तर आधी फोन करून सांगा, बहुतेक दवाखाने अशा पेशंटला पुढे घेतात. आत आल्यावर त्यांच्या मागे उभे राहू नका, यंत्राच्या बाजूला, त्यांना दिसाल असे उभे राहा आणि हात हातात घ्या. आणि "आई, तुला आठवत नाही का, आपण मागच्या वेळी इथेच आलो होतो" असं म्हणू नका. मी दरवेळी माझं नाव पहिल्यांदाच सांगते आहे अशा आवाजात सांगते, आणि अशा आजी दरवेळी हसून "बस बाई" म्हणतात.